माहेरची खाडी

ढोम्याचं डोकं चवीनं खाणाऱ्याला दाताखाली येणारा पांढरा खडा नवा नाही. काट्यांबरोबर तो ताटाच्या कडेला जातो. गुळगुळीत, टणक, आणि माशाच्या मानानं चांगलाच मोठा. मला तो आता सहजासहजी टाकवत नाही, कारण त्या माशाचं बालपण कुठल्या पाण्यात गेलं, याची नोंद त्यात असते.

शास्त्रात त्याला कर्णाश्म म्हणतात. कानाचं हाड असं म्हटलं जातं खरं, पण ते हाड नव्हे. प्रथिनांच्या जाळीवर थराथरानं साचलेलं ते कॅल्शियम कार्बोनेट. माशाच्या डोक्यात अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात. पाण्यातून आवाजाची लहर आली की माशाचं अंग तिच्याबरोबर हलतं, जड खडा किंचित मागे रेंगाळतो, आणि तेवढ्या फरकानं त्याला टेकलेले सूक्ष्म केस वाकतात. मासा ऐकतो तो असा.

हा खडा माशाबरोबर वाढत जातो, आणि लहानपणी तर दिवसाला एक कडं, इतक्या नेमानं. १९७१ साली ज्यॉर्जिओ पॅनेला यांनी ही रोजची कडी दाखवून दिली. खरी नवलाई पुढेच आहे. उपासमार झाली तर शरीर हाडांतलं कॅल्शियमही परत काढून घेतं. कर्णाश्माला मात्र हात लावत नाही. एकदा बसलेला थर मरेपर्यंत तसाच राहतो. आणि थर बसताना कॅल्शियमच्या जोडीनं त्याचीच भावंडं असलेली स्ट्रॉन्शियम आणि बेरियम ही मूलद्रव्यंही पाण्यातून आत शिरतात. नदी कुठल्या खडकांवरून वाहत आली, खाडीत गोडं पाणी किती मिसळतं, ऊन किती तापतं, यावर त्यांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं गुणोत्तर बदलतं. म्हणजे पिल्लू ज्या खाडीत वाढतं, तिच्या पाण्याची चव खड्याच्या गाभ्यात कायमची बंद होते.

हे वाचता येतं का? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वीकफिश नावाचा मासा आहे, आपल्या ढोम्याच्या आणि घोळीच्याच कुळातला. त्याची पिल्लं पहिला उन्हाळा खाड्यांमध्ये काढतात, थंडी पडू लागली की बाहेर पडतात, आणि निरनिराळ्या खाड्यांतले मासे हिवाळ्यात समुद्रात एकमेकांत मिसळून जातात. मग वसंतात अंडी घालायला किनाऱ्याकडे येतात तेव्हा ते कुठे जातात? मिळेल त्या खाडीत, की माहेरी?

हे शोधायला संशोधक सायमन थॉरोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जियापासून न्यूयॉर्कपर्यंतच्या पाच ठिकाणची पिल्लं आधी तपासली. त्यांच्या खड्यांत चेसापीक खाडीच्या पाण्याचा ठसा कसा, डेलावेअर खाडीचा कसा, हे त्यातून पक्कं झालं. पाऊसपाण्याप्रमाणे हा ठसा दरवर्षी थोडा बदलतो, म्हणून एका सालच्या पिल्लांचा ठसा दुसऱ्या सालच्या माशांना लावून चालत नाही. त्यांनी त्याच पिढीचे मासे दोन वर्षांचे होण्याची वाट पाहिली. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाट पाहणंच वाटते. मग अंडी घालायला आलेल्या माशांच्या खड्यांतला फक्त गाभा, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याचा भाग, तपासला. २००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: ६० ते ८१ टक्के मासे आपल्याच खाडीत परतले होते. बाळंतपणाला माहेरी जावं तसे, आणि इथे तर नरसुद्धा.

जनुकांच्या चाचणीत मात्र हे सगळे मासे एकसारखेच दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दर पिढीत थोडे जरी मासे वाट सोडून परक्या खाडीत गेले, तरी रक्त मिसळत राहतं आणि जनुकांतला फरक पुसला जातो. पण मासेमारीनं एखादी खाडी रिकामी केली, तर ती पुन्हा भरून काढायला ते थोडे पाहुणे पुरत नाहीत. तिथे परतणारे मासे तिथेच वाढलेले असावे लागतात.