घाटाने घडवलेली इंजिने

माथेरानच्या छोट्या गाडीची गोष्ट निघाली की सर आदमजी पीरभॉय आणि त्यांनी ओतलेले १६ लाख रुपये आठवतात. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. ती वर ओढून नेणाऱ्या चार जर्मन इंजिनांची याद मात्र क्वचितच निघते.

नेरळपासूनच्या सुमारे २० किलोमीटरच्या वाटेवर दोन अडचणी एकमेकींच्या उलट होत्या. चढ काही ठिकाणी २० फुटांना एक फूट. चाके घसरू नयेत म्हणून जितकी ओढणारी चाके, तितके बरे. पण वळणांची त्रिज्या कुठेकुठे अवघी ६० फूट. जास्त चाकांचे लांब इंजिन तिथे अडणार. दार्जिलिंगने चार चाकांच्या आखूड इंजिनांवर भागवले. माथेरानने सहा चाकांची घेतली आणि सहाही ओढणारी ठेवली.

बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने त्यासाठी क्लिएन-लिंडनर आस वापरले. सॅक्सनीच्या रेल्वेतल्या दोन अभियंत्यांची ही युक्ती. पुढच्या आणि मागच्या चाकजोडीचा आस पोकळ. त्याच्या पोटात दुसरा, भरीव आस. बाहेरचे दांडे भरीव आसाला फिरवत, मधल्या गोल सांध्यातून ती फिरकी पोकळ आसाला मिळे, आणि चाके वळणाबरोबर थोडी तिरकी होत. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या अरुंद रुळांवरही हीच रचना राबली.

१९५० च्या दशकात जर्मनीच्याच युंग कारखान्याची डिझेल इंजिने आली. तरी वाफेची इंजिने लगेच हटली नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती घाटात होती. आता ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७३९ माथेरानला, तर ७४० इंग्लंडला पोहोचले.

त्यांचे मोठेपण वेगात वा ताकदीत शोधू नये. इतर मार्गांवर चालणारे इंजिन आणून इथे जुळवून घेण्याऐवजी, या घाटाची वळणे आणि चढ समोर ठेवून ती बनवली गेली. म्हणूनच डिझेल येऊनही त्यांना आणखी पाव शतक काम मिळाले.