बेस गिटारचा ॲम्प्लिफायर : वॉटच्या आकड्यापलीकडची निवड

गणेशोत्सवाचे मंडप, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, लग्नाचे स्वागत समारंभ आणि जुन्या चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रा अशा कार्यक्रमांतून नांदेड-लातूरच्या हौशी वादकांना व्यासपीठ मिळते. बेस गिटार वाजवणाऱ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. घरच्या सरावासाठी घेतलेला दहा-पंधरा वॉटचा छोटा ॲम्प्लिफायर खोलीत पुरतो. शेजारी ड्रमसेट आला की मात्र त्याचा आवाज हरवतो. बटण शेवटपर्यंत फिरवले तर सूर फाटतो. मोठे यंत्र घेणे भाग पडते. पण हैदराबाद, पुणे किंवा मुंबईहून मागवलेली जड वस्तू पसंत पडली नाही म्हणून परत पाठवणे सोपे नसते. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार असल्याने ही निवड समजून करायला हवी.

बेससाठी मोठे यंत्र का लागते, याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते, तर चार तारांच्या बेसची जाड तार सुमारे ४१. सूर एक सप्तक खाली गेला की, तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. लहान स्पीकरला ते झेपत नाही. गिटारच्या ॲम्प्लिफायरला बेस जोडून मोठ्याने वाजवल्यास त्याचा स्पीकर निकामी होण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

मग अधिक वॉटचे यंत्र घेतले की प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात वॉट दुप्पट केले तरी आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायचा, तर शक्ती दहापट लागते. म्हणजे १५ वॉटवरून ३० वॉटवर जाणे हे पैसे वाया घालवणेच ठरते. पुढची खरी पायरी १०० वॉटच्या आसपास सुरू होते. हे वॉट ‘आरएमएस’ पद्धतीने मोजलेले असावेत. खोक्यावर ठळक छापलेला ‘पीएमपीओ’चा हजारांतील आकडा खरेदीच्या दृष्टीने निरर्थक असतो.

वॉटइतकेच महत्त्व स्पीकरच्या क्षेत्रफळाला आहे. ८ इंची स्पीकरच्या तुलनेत १२ इंची स्पीकरचे क्षेत्रफळ सव्वादोन पट, तर १५ इंचीचे साडेतीन पट असते. पेटीचा आकारही पाहावा. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. त्यांपैकी एक सोडावी लागते. ‘फेंडर’च्या ‘रंबल’ मालिकेत ही चढण स्पष्ट दिसते. २५ वॉटच्या यंत्राला ८ इंची, ४० वॉटला १० इंची, १०० वॉटला १२ इंची, तर ५०० वॉटच्या यंत्राला १० इंची दोन स्पीकर आहेत. यांतील १०० वॉटचे यंत्र सुमारे १० किलोचे असल्याने रिक्षातून सहज नेता येते.

त्याहून मोठ्या यंत्राची गरज किती, हे कार्यक्रमाच्या स्वरूपावर ठरते. अमेरिकेतील ‘ॲम्पेग’ कंपनीने १९६९ मध्ये ‘एसव्हीटी’ हा ३०० वॉटचा भव्य ॲम्प्लिफायर आणला, तेव्हा सभागृहातील मुख्य ध्वनियंत्रणा प्रामुख्याने गायकासाठी असे. बेसचा आवाज वादकाला स्वतःच्या यंत्रातूनच प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावा लागे. आज मंडपात किंवा सभागृहात साउंड सिस्टीम असतेच. बेसचा सूर थेट मिक्सरकडे पाठवणारी ‘डीआय’ जोडणी यंत्रात असली, की प्रेक्षकांची जबाबदारी मोठ्या स्पीकरांवर जाते आणि वादकाच्या यंत्राला त्याच्यापुरते व ड्रमवादकापुरते ऐकू आले तरी पुरते. म्हणूनच ‘डीआय’ नसलेल्या अधिक वॉटच्या यंत्रापेक्षा ‘डीआय’ असलेले १०० वॉटचे यंत्र अधिक उपयोगी ठरते. पुढे वाढ करायची असेल, तर बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय आहे का, तेही पाहावे. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्यास ४ ओहम होतात. यंत्रावर लिहिलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ नये; अन्यथा ते जळू शकते.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असल्यास अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवून पाहावे. जाड तार लांबवताना खरखर किंवा फडफड ऐकू येत असेल, बटण फिरवताना कडकड होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो व्यवहार टाळावा. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेल्या यंत्राबाबत आणखी दक्षता हवी. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, तर आपली २३० व्होल्टची. यंत्र दोन्हींवर चालते का, हे मागच्या पट्टीवर वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

विजेची काळजी मंडपातही घ्यावी लागते. यंत्रातून घूं-घूं आवाज येतो म्हणून प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाकणे जिवावर बेतू शकते. बिघाड झाल्यास तारेतून थेट वादकाला धक्का बसतो. जनरेटरवर दाब कमी-जास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर वापरावा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा यंत्राच्या मागे हवा खेळती राहील एवढी जागा सोडावी.

घरचा सराव हा याचा दुसरा भाग. खर्जाचे सूर भिंतींतून सहज पलीकडे जातात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५, तर रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ती दिवसापेक्षा कडक होते. त्यामुळे हेडफोनची जोडणी असलेले यंत्र शेजाऱ्यांशी संबंध आणि रियाज दोन्ही टिकवते.

थोडक्यात, खरेदीला निघताना क्रम असा ठेवावा : आधी स्पीकर व पेटीचा आकार, मग ‘डीआय’ जोडणी, त्यानंतर वजन आणि सर्वांत शेवटी वॉट. जाहिराती हा क्रम बहुधा उलटा मांडतात. तो सुलट केला, तर बेताच्या पैशांतले यंत्रही पुढची अनेक वर्षे साथ देते.