दुसरा ट्रम्पेट काय वाजवत होता?

'अलबेला' (१९५१) मधली सी. रामचंद्रांची गाणी आठवा. त्यातल्या जॅझच्या ठेक्यामागे चिक चॉकलेट होते, गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक. अशा बँडसाठी अरेंजर प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिहितो. त्याला म्हणायचं 'पार्ट'. गोव्यात चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईत होते, म्हणून हे जमलं. पण गाणं रेकॉर्ड झालं की त्या कागदांना कोण विचारतो!

आज अशी अरेंजमेंट छापायची तर रेकॉर्ड ऐकून उतरवावी लागते. वरचा सूर सहज कळतो. गोची आतल्या सुरांची आहे. जुन्या मोनो रेकॉर्डवर दुसरा ट्रम्पेट आणि तिसरा सॅक्सोफोन एकमेकांत विरघळलेले असतात, आणि एकच कॉर्ड वाद्यांमध्ये तीन-चार तऱ्हांनी वाटता येते. नेमकी कोणती? ते त्या खुर्चीवर बसलेला वादकच सांगू शकतो. त्याला नुसतं 'आठवतं का?' विचारू नये, वाद्य हातात द्यावं. बोटांना जास्त आठवतं.

आमच्या आशागडकडे तारपा असाच वाजवणाऱ्याकडून शिकतात, तिथे कागद कधी नव्हताच. इथे होता. प्यारेलालांचे गुरू अँथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले. म्हणून मी आधी उरलेल्या वादकांना गाठतोय, छपाईचं नंतर बघू.