खाचा गमावलेली नळी

शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या तेराव्या कलमात एक पोटकलम असे आहे की, ते वाचताना वकिलापेक्षा लोहाराचे कुतूहल अधिक जागे व्हावे. किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी अथवा क्रीडेसाठी, किंवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली असता अर्जदाराची वाट तुलनेने मोकळी ठेवावी, इतर शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण पाहावे, असा त्या तरतुदीचा मथितार्थ आहे. म्हणजे सरकारदरबारी बंदुकीची प्रतवारी लागते ती तिच्या दर्शनी रूपावरून नव्हे, तर नळीच्या पोटात कोरलेल्या, केसाएवढ्या खोलीच्या काही खाचांवरून. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशात, जेथे धान निसवू लागले की रानडुकरांच्या कळपांपायी शेतकऱ्याला मचाणावर रात्र रात्र जागल करावी लागते आणि जेथे ठासणीच्या बंदुकीला आजही ‘भरमार’ म्हणूनच ओळखतात, तेथे ही प्रतवारी कागदापुरती राहत नाही. अलीकडच्या काळात गडचिरोलीतील गावकऱ्यांनी अशा भरमार बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्याची वृत्ते वेळोवेळी येतात. त्या जुन्या नळ्यांच्या निमित्ताने एका विस्मृत कारागिरीचा, म्हणजे झिजलेल्या रायफलीच्या खाचा कोरून काढून तिची रुंद, गुळगुळीत नळी करण्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या खाचांचे प्रयोजन पाहू. नळीच्या अंतर्भागात पिळाप्रमाणे फिरत जाणाऱ्या खाचा गोळीला स्वतःच्या अक्षाभोवती भ्रमण देतात, आणि वेगाने फिरणारा भोवरा ज्या न्यायाने कलंडत नाही त्याच न्यायाने लांबट गोळी हवेत आडवी न होता टोक पुढे ठेवून जाते. एनफील्डच्या सरकारी कारखान्यातील १८५३ सालच्या नमुन्याच्या रायफलीचे उदाहरण घ्या. नळीची लांबी ३९ इंच, अंतर्व्यास ०.५७७ इंच, खाचा तीन, आणि पीळ इतका मंद की एक पूर्ण फेरा होण्यास ७८ इंच लागावेत. अर्थात नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीचा जेमतेम अर्धाच फेरा होई. तरीही तोंडाशी वेग सेकंदाला ९०० फुटांच्या आसपास धरला, तर सेकंदाला सुमारे १४० फेरे होतात, आणि तेवढे भ्रमण त्या काळच्या शिशाच्या गोळीला पुरेसे होते. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असल्याने वरून सहज उतरे; बार उडाला की तिचा पोकळ तळ वायूच्या दाबाने फुगून खाचांत घट्ट बसे. सारी मदार खाचांच्या कडा शाबूत असण्यावर होती.

आणि या कडांचा वैरी रणांगणावर नव्हे, दारूतच दडलेला होता. काळ्या दारूच्या ज्वलनातून जे निपजते त्याचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप नसून घनरूप असतो, आणि त्यातील पोटॅशियम कार्बोनेटासारखे क्षार हवेतील ओलावा अधाशीपणाने ओढून घेतात. टोपीदार बंदुकीच्या टोपीतील क्लोरेटापासून पोटॅशियम क्लोराइड मागे राहते. मिठाचा हा सख्खा भाऊ लोखंडाला किती मानवतो हे कोकणातल्या कोणत्याही खिडकीच्या गजाला विचारावे. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढल्यावर नळी आधी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल द्यावे, असा जुन्या शिपायांचा शिरस्ता असे. पण वर्षाकाठी हजार-दीड हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या अरण्यात, श्रावणातल्या सर्द झोपडीत, नुसता तेलाचा बोळा फिरवून कोपऱ्यात उभ्या केलेल्या बंदुकीचे काय होणार हे सांगावयास नको. गंज प्रथम धरतो तो खाचांच्या कोपऱ्यांत, कारण मळी तेथेच साचते. त्यात भर म्हणून लोखंडी गज प्रत्येक ठासणीला तोंडाशी एकाच बाजूने घासला गेला, तर तेथल्या कडा गोलाकार होतात आणि नळीचे तोंडही किंचित लंबगोल होते. अशा नळीतून वायू निसटतो, गोळी खाच धरीत नाही, आणि रायफल केवळ नावाची रायफल उरते.

अशा वेळी दोनच मार्ग उरतात : नळी मोडीत काढावयाची, अथवा तिच्यातील रोगट थर कोरून काढून तिला अधिक व्यासाची गुळगुळीत नळी म्हणून दुसरा जन्म द्यावयाचा. या दुसऱ्या मार्गाचा सर्वांत मोठा सरकारी प्रयोग हिंदुस्थानासाठीच झाला, मात्र त्याला कारण नळीची झीज नव्हती; कारण होते १८५७. ज्या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती रायफल पुन्हा हिंदी शिपायाच्या हाती द्यावयाची नाही असे ठरले, आणि १८५८ चा म्हणून ओळखला जाणारा नमुना निघाला : तीच एनफील्ड, पण खाचा कोरून टाकलेली, अंतर्व्यास ०.५७७ वरून ०.६५६ इंचांवर नेलेली आणि मागची अंतरदर्शक निशाणपट्टी काढून तिच्या जागी स्थिर खूण बसवलेली. त्याच वर्षी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मुलखात मोलमपल्लीच्या बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी गोंड व रोहिल्यांची फौज उभारून डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यांना महिनोन्‌महिने हैराण केले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. एकीकडे बंडवाल्यांना गळफास आणि दुसरीकडे आपल्याच शिपायाच्या बंदुकीचा पल्ला कानशीने तासणे, या दोन्ही गोष्टी एकाच मसलतीतल्या होत.

आता थोडा हिशेब मांडू, कारण त्याशिवाय या कृतीचे मर्म ध्यानी येत नाही. एनफील्डच्या खाचांची खोली तळाशी सुमारे ०.०१५ इंच असे. त्या निपटून काढावयास व्यास ०.६०७ इंचांच्या आसपास नेला तरी भागावे. प्रत्यक्षात तो ०.६५६ इंचांपर्यंत नेला गेला. तेव्हा केवळ खाचा पुसणे एवढाच यातला व्यवहार नसावा असे माझे अनुमान आहे : गोऱ्या पलटणीची गोळी त्या नळीत सैल, निरुपयोगी ठरावी हा परिणाम तर उघडच होता. व्यास वाढला म्हणून मारा वाढला, असेही नव्हे. एका पौंड शिशातून ज्या मापाच्या जितक्या वाटोळ्या गोळ्या निघतात त्या संख्येवरून नळीचे ‘बोअर’ मोजतात. त्या हिशेबाने ०.५७७ इंचाची नळी सुमारे चोवीस बोअरची आणि ०.६५६ ची सुमारे साडेसोळा बोअरची. वाटोळी गोळी व्यासाच्या घनाने जड होत असल्याने रुंद नळीतली गोळी अरुंद नळीतल्या वाटोळ्या गोळीच्या जवळजवळ दीडपट, म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम भरते. परंतु मूळ रायफलीची लांबट गोळी ५३० ग्रेन, सुमारे ३४ ग्रॅम होती. तोंड रुंदावले आणि गोळी मात्र हलकी झाली; शिवाय वाटोळी, भ्रमणहीन आणि हवेचा विरोध अधिक सोसणारी. शंभर यार्डांपलीकडे अशा गोळीवर विसंबणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे.

किंमत चुकती केली ती नळीच्या भिंतीने. व्यासात दोन मिलिमीटरांची वाढ म्हणजे भिंतीच्या जाडीत सर्व बाजूंनी एक मिलिमीटर घट. आतील वायूचा दाब नळीला परिघाच्या दिशेने फाडू पाहतो, आणि हा ताण व्यासाच्या सम प्रमाणात व जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. उदाहरणादाखल एखाद्या ठिकाणी भिंत तीन मिलिमीटर होती असे धरा. ती दोनावर आली आणि व्यास १४.६६ चा १६.६६ मिलिमीटर झाला, तर त्याच दाबाला धातूवरील ताण सुमारे पावणेदोन पट होतो. नळीचे क्षेत्रफळ एकोणतीस टक्क्यांनी वाढल्याने वायूला पसरावयास जागा अधिक मिळते व दाब काहीसा उतरतो हे खरे, पण तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. त्यातून एनफील्डच्या नळ्या एकसंध पोलादाच्या नव्हत्या; घडीव लोखंडाची पट्टी तापवून, वळवून आणि लांबीच्या दिशेने सांधून त्या होत, आणि अशा लोखंडात कीटाचे तंतू वाहत असतात. वरच्या जाडीत जे दोष निरुपद्रवी असतात तेच कोरल्यानंतर अगदी पृष्ठभागाशी येतात, आणि बाहेरून दिसत नाहीत. १८५८ च्या नमुन्याविषयी तक्रारी आल्या त्या नेमक्या याच : नळ्या फुगत, संगीन चढवताना वाकत. तेव्हा सरकारला जाड भिंतीचा १८५९ चा नमुना मुद्दाम वेगळा काढावा लागला. जेथे मापे घेणारी यंत्रे आणि जादा बार भरून नळीची परीक्षा घेणारी व्यवस्था हाताशी होती तेथे ही गत. मग गंजाने कोठे किती खाल्ले आहे याचा अंदाजही नसलेली नळी चोरून रुंदावणाऱ्या गावठी कारागिराने आपल्या गिऱ्हाइकाच्या बोटांशी आणि डोळ्यांशी काय खेळ मांडला असेल, याचा विचार करवत नाही.

तथापि गुळगुळीत नळीला एक गुण असा आहे की जो रायफलीत मुळीच नाही : ती छर्रे टाकू शकते. खाचांतून छर्र्यांचा समूह गेला तर त्यालाही फिरकी बसते आणि बाहेर पडताच छर्रे बाजूंना फेकले जातात. लक्ष्याच्या मध्यभागी पोकळी व भोवती विरळ कडे, असा मासला उमटतो. गुळगुळीत नळीतून तोच समूह पुष्कळ अंतर एकत्र राहतो. दाट झुडपात, पंचवीस-तीस पावलांवर, अंधुक उजेडात काम पडणाऱ्या माणसाला नऊशे यार्डांच्या निशाणपट्टीचा काय उपयोग? मध्य प्रांतातील अरण्यांत हिंडलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने वेगळा तोडगा सुचवला होता. १८६०च्या दशकात रायफलींवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने मोठ्या व्यासाच्या, उथळ खाचांच्या व अतिशय मंद पिळाच्या रायफलीतून वाटोळी गोळी भरपूर दारूनिशी सोडावी असे प्रतिपादन केले : पीळ मंद असला म्हणजे गोळी खाच सोडून घसरत नाही, आणि वाटोळ्या गोळीला फिरकी थोडीच पुरते. गुळगुळीत नळीचा जोम आणि रायफलीची शिस्त यांची ही तडजोड मला त्या युगातील सर्वांत बुद्धिमान कल्पना वाटते.

पुढे हा धंदा जगभर चालला. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर मोडीत निघालेल्या रायफली गुळगुळीत करून शेतकऱ्यांना स्वस्त छर्ऱ्याच्या बंदुका म्हणून विकल्या गेल्या. फ्रान्सच्या जुन्या ठासणीच्या रायफली आधी मागून भरावयाच्या झाल्या आणि मग बेल्जियमच्या कारागिरांनी त्यांच्या बारा बोअरच्या बंदुका करून ‘झुलू’ या नावाने बाजारात लोटल्या. आपल्याकडे सरकारने तोच कित्ता विसाव्या शतकात गिरवला. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्या रुंदावून .४१० ची गुळगुळीत मस्केट तयार झाली, तिच्यासाठी .३०३ च्याच काडतुसाची पितळी नळी मान न आवळता सरळ ठेवली गेली, आणि दहा गोळ्यांच्या पेटीची पोकळी लाकडी ठोकळ्याने बुजवून ती एका वेळी एकच काडतूस घेईल असे केले गेले. तुरुंगाच्या पहाऱ्यावरील आणि पोलीस चौकीतील शिपायांच्या खांद्यावर पुढे कित्येक वर्षे ती दिसत राहिली.