शस्त्रवैद्यांचीं नांवें आणि पुण्याचें नाक

डॉक्टर होण्याची आकांक्षा धरणारे आमचे कित्येक विद्यार्थी शस्त्रक्रियांचीं लांबलचक नांवें ऐकूनच कचरतात. वस्तुतः तीं बहुधा साधे ग्रीक जोडशब्द होत. शेवटीं 'ऑटमी' असेल तर छेद घेणें, 'एक्टमी' असेल तर कापून काढणें, 'ऑस्टमी' असेल तर नवें तोंड ठेवणें. लॅपरॉटमी म्हणजे पोटावर छेद घेणें. ॲपेंडिसेक्टमी म्हणजे आंत्रपुच्छ काढणें. कोलॉस्टमी म्हणजे मोठ्या आंतड्यास पोटावर तोंड करणें. संमतिपत्रावर सही करणाऱ्या पालकांनींही हा भेद ध्यानांत ठेवावा.

छेद कोठें घ्यावा यालाही शास्त्र आहे. कातडीच्या सुरकुत्यांच्या दिशेनें घेतलेल्या छेदाचा व्रण बारीक राहतो, त्यांस आडवा गेलेला रुंदावतो. शनिशिंगणापुरास घरांना कवाड न लावण्याची चाल प्रसिद्ध आहे. शस्त्रवैद्यास मात्र उघडलेलें दार बहुधा टांक्यांनीं लावावेंच लागतें.

राहिली 'प्लास्टी', म्हणजे घडविणें. हिचा एक मोठा धडा युरोपानें आपल्या पुण्याकडून घेतला. इंग्रजी फौजेचे बैल हांकणारा कावसजी १७९२ सालच्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला व नाक आणि एक हात गमावून बसला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्यांच्या जातींतील एका मनुष्यानें त्यास नवें नाक करून दिलें.

रीत अशी. मेणाचें पातळ पत्र नाकाच्या आकारानें बसवावयाचें, मग सपाट करून कपाळावर ठेवावयाचें, आणि त्याभोंवतीं रेघ ओढून तेवढी कातडी सोडवावयाची. दोन डोळ्यांमधील अरुंद पट्टी मात्र जोडलेलीच ठेवावयाची. हा तिचा देठ. यांतूनच तिला रक्त मिळतें. तो आधीं तुटला तर सारें नाक कुजावयाचें. जुन्या व्रणाची कड ताजी करून व भोंवतीं छेद घेऊन, ती कातडी अर्धी पिळून त्यांत बसवीत. टांक्यांऐवजीं पाण्यांत मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पांचसहा पट्ट्या! चार दिवसांनीं तुपांत भिजविलेलें कापड लावीत, आणि देठ कापीत तो सुमारें पंचविसाव्या दिवशीं. हें धैर्य आम्हांस हातचलाखीहून मोठें वाटतें.

ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आली. तींत रोग्याचें नांव आहे, वैद्याचें नाहीं. पुढें १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू यांनीं लंडनमध्यें याच रीतीनें नाक घडविलें. कपाळाच्या कातडीचें नाक शस्त्रवैद्य आजही करतात.