वयाची अट गेली, बारावीची राहिली
लेखमाला : उशिरा धरलेली डॉक्टरकी – भाग 4

पस्तिशीची नर्स, आयटीतला इंजिनिअर, बी.फार्म. करून संसारात रमलेली आई. एमबीबीएसची इच्छा अजून मनात असलेल्या अशा माणसांना पहिली धास्ती वयाची वाटते. ती सोडून द्या. नीटसाठी खुल्या प्रवर्गाला 25 आणि राखीव प्रवर्गांना 30 वर्षांची कमाल मर्यादा होती, ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 च्या परीक्षेपासून काढून टाकली. त्याआधीही, 2020 ची नीट देऊन ओडिशातल्या 64 वर्षांच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला होता.

खरी मेख बारावीच्या गुणपत्रिकेत असते. क्लासची फी भरण्याआधी ती कपाटातून काढून बघाच. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, राखीव प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात. इंग्रजीतही उत्तीर्ण असावं लागतं. इंजिनिअरिंगला गेलेल्या अनेकांनी अकरावीतच बायॉलॉजी सोडलेलं असतं आणि पूर्वी त्यांचा विषय तिथेच संपायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये आयोगाने हे दार उघडलं: बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायॉलॉजी जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही आता नीट देता येते. मला हा निर्णय वयाच्या सवलतीपेक्षाही मोलाचा वाटतो. मात्र तो विषय आधी पूर्ण करायचा, यात एक वर्ष सहज जातं. ते हिशोबात धरा.

आता परीक्षेबद्दल थोडं कठोर बोलतो. अमेरिकेत अर्जदाराचा निबंध वाचतात, मुलाखत घेतात, कामाचा अनुभव विचारात घेतात. आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशात यातलं काही नाही. बारा वर्षं आयसीयूत काढलेल्या सिस्टरला त्या अनुभवाचा एकही गुण मिळत नाही. 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. त्यातले 90 प्रश्न बायॉलॉजीचे, म्हणजे निम्मे गुण, आणि त्यात वनस्पतीशास्त्रही आलं. इन्सुलिनचा डोस पाठ असलेल्या सिस्टरला उसाच्या पानातली क्रांझ रचना विचारली जाते. म्हणून एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं आकृत्यांसकट, ओळ न ओळ वाचणं, हाच राजमार्ग. अनुभवाचा उपयोग होतो तो चिकाटीसाठी, आणि शरीरक्रियेची प्रकरणं पटकन डोक्यात बसण्यासाठी. फिजिक्स मात्र दहा वर्षांच्या खंडानंतर पार विसरलेलं असतं. तिथे शिक्षक हवाच, एकट्याने झुंजत बसू नका.

महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांत 85 टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात. त्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र लागतं. वडिलांच्या बदल्यांमुळे बारावी इंदूरला किंवा बेळगावला केली असेल, तर अपवादाचे नियम सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. ओळखीच्या कुणी सांगितलं म्हणून विसंबू नका. सरकारी जागा का धरून बसायची, तर खासगीत फी लाखांत जाते आणि पस्तिशीत घराचा हप्ता आधीच चालू असतो.

घरात बोलताना वर्षांचा हिशोब उघड मांडा: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी जागा असेल तर बंधपत्राची एक वर्षाची सेवा. पस्तिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर बेचाळिशीच्या उंबरठ्यावर आपण मोकळे होतो. या वर्षांत घर कोण चालवणार, हे अर्ज भरण्याआधी ठरलेलं असू द्या.

पुढच्या आठवड्यात : नोकरी सांभाळून फिजिक्सची तयारी.