माथेरान : सहकुटुंब वनभ्रमणाचा डोंगरमाथा

सह्याद्रीचे नाव घेताच डोळ्यांसमोर उभे राहतात ते उत्तुंग कडे, दुर्गम किल्ले आणि ते सर करणारे तरुण गिर्यारोहक. लहान मुले आणि वयोवृद्ध आईवडील यांना बरोबर घेऊन डोंगरातील रानात हिंडावे, ही कल्पना पुष्कळांना धाडसाची वाटते. परंतु रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात असा एक डोंगरमाथा आहे की, जेथे घनदाट वनराईतून तीन पिढ्यांनी मिळून पायी फिरावे आणि कोणासही त्याचा शीण होऊ नये. तो डोंगरमाथा म्हणजे माथेरान. येथे चालावे लागते, ही अनेकांना गैरसोय वाटते. प्रत्यक्षात येथील वन आजवर टिकून राहिले, त्याचे फार मोठे श्रेय या चालण्यालाच द्यावे लागेल.

माथ्यावरचे रान

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेस उभा राहिलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा आहे. त्याच्या पूर्वेस उल्हास नदीचे खोरे पसरले असून नैर्ऋत्येस प्रबळगड उभा आहे. डोंगराच्या चहूबाजूंस सरळसोट कडे असले, तरी माथा मात्र बराचसा सपाट आहे. पर्यटक ज्यांना 'पॉइंट' म्हणतात, ती या सपाटीची कड्याकडे झेपावलेली टोके होत. माथ्यावर चालताना चढउतार थोडे असतात आणि दाट सावली सतत लाभते. मुलांच्या व वृद्धांच्या दृष्टीने हे ठिकाण सोयीचे आहे, ते यामुळेच.

माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या नावाची उपपत्ती लोकांत रूढ आहे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली पायथ्याच्या चौक गावाहून हा डोंगर चढून पाहिला आणि त्यानंतर येथे बंगले व वाटा झाल्या. अनेक टोकांना इंग्रजी नावे मिळाली, ती त्या काळात. मात्र ठाकूर, कातकरी व धनगर या मंडळींचा वावर या डोंगरात त्यापूर्वीपासूनचा आहे. उतारावरील वाड्यांतून भाजीपाला, दूध घेऊन माथ्यावर येणाऱ्या माणसांनी ज्या पाऊलवाटा मळल्या, त्या आजही दिसतात. आपण ज्या वाटेने हौसेने चालतो, ती दुसऱ्या कोणाच्या तरी रोजच्या पोटापाण्याची वाट आहे, हे मुलांना येथे सहज दाखवून देता येते.

१९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात 'आझाद दस्ता' उभारणारे आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या अरण्यात धारातीर्थी पडलेले हुतात्मा भाई कोतवाल यांचेही हे जन्मगाव होय. निसर्ग पाहावयास आलेल्या कुटुंबांनी त्यांच्या स्मृतीस वंदन केल्यावाचून पुढे जाऊ नये.

वाहनबंदीचे वरदान

मुंबई-पुणे लोहमार्गावरील नेरळ स्थानकाहून माथेरानला दोन मार्गांनी जाता येते. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली, १९०७ साली सुरू झालेली सुमारे २० किलोमीटर लांबीची छोटी रेल्वे हा पहिला मार्ग. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा तिचा टप्पा बंद ठेवण्यात येतो. दुसरा मार्ग मोटारीचा, परंतु तो दस्तुरी नाक्यापाशी संपतो. तेथून पुढे खासगी मोटारींना बंदी असून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर अंतर पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉज येथून सुटणाऱ्या गाडीने गाठावयाचे असते.

केंद्र शासनाने २००३ साली माथेरान व भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांना पूर्वी हातरिक्षांचा आधार असे. २०२२ साली मर्यादित संख्येने ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. वनाचे रक्षण आणि श्रमिकाची प्रतिष्ठा या दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

लाल माती आणि तिची राखण

माथेरानचा पाया काळ्या बेसाल्ट खडकाचा असून माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. येथील वाटा लालभडक दिसतात, त्या या जांभ्याच्या मातीमुळे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पुढे झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर येते. मात्र ही माती जागेवर राहते ती झाडांच्या मुळांच्या आधाराने. जांभूळ, अंजनी, हिरडा, पारजांभूळ, आंबा, गेळा यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंततात आणि मुळे खाली माती धरून ठेवतात. पर्णछत्रामुळे पावसाच्या थेंबांचा मारा सौम्य होतो, गळालेल्या पानांच्या थरामुळे पाण्याची धाव मंदावते.

मळलेली वाट सोडून दहा माणसे आडवाटेने उतरली, की पाचोळ्याचा थर विस्कटतो. पुढील पावसात तेथे लहानशी घळ पडते आणि काही वर्षांत एखाद्या जुन्या वृक्षाची मुळे उघडी पडतात. यास्तव, 'वाट सोडून चालू नये' हा नियम पर्यटकांच्या सुरक्षिततेइतकाच डोंगराच्या सुरक्षिततेसाठीही आहे.

तीन फेऱ्या, तीन वयांसाठी

कुटुंबाबरोबर निघताना फेरीची आखणी सर्वांत लहान अथवा सर्वांत वृद्ध सदस्याच्या चालीवरून करावी. मुलांसह तासाला दोन किलोमीटरहून अधिक अंतर धरू नये आणि दर अर्ध्या तासाने बसावे.

पहिली फेरी शार्लोट तलावाची. बाजारपेठेतून निघून तलावाकाठच्या पिसारनाथाचे दर्शन घ्यावे आणि तेथून लॉर्ड व इको या टोकांकडे जावे. पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही ही फेरी अर्ध्या दिवसात सहज झेपते. तलाव पिण्याच्या पाण्याचा असल्याने त्यात उतरू नये. इको पॉइंटवर मुलांना एक छोटासा प्रयोग करावयास सांगावे. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो आणि समोरच्या कड्यावर आपटून तेवढेच अंतर परत येतो. टाळी वाजविल्यापासून प्रतिध्वनी ऐकू येईपर्यंत जितके सेकंद लागतील, त्यांस १७० ने गुणले असता कड्याचे अंतर मीटरमध्ये मिळते. एक टाळी पुरे. वारंवार आरडाओरड केल्यास पाखरे दूर जातात.

दुसरी फेरी दक्षिणेची. अलेक्झांडर, रामबाग, चौक पॉइंट आणि वन ट्री हिल अशी टोके पाहत तलावाच्या बाजूने परतता येते. हीस जवळजवळ पूर्ण दिवस द्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ही उत्तम होय.

तिसरी फेरी उत्तरेच्या पॅनोरमा पॉइंटची. हे टोक गावापासून दूर असल्याने चालण्याची सवय असलेल्या मुलांनाच न्यावे. पहाटे निघाल्यास सूर्योदय आणि उल्हास खोऱ्यावर पसरलेले धुके यांचे दर्शन घडते. वृद्धांनी त्या दिवशी गावाजवळील खंडाळा पॉइंटपर्यंत सावकाश जावे. त्यांनाही सकाळचा आनंद तितकाच मिळेल.

या वाटांवर घाई न करणाऱ्यास पुष्कळ काही दिसते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू एखाद्या वेळी फांदीवरून फांदीवर झेप घेताना आढळतो. ओढ्याकाठी शीळ घालणारा पर्वत कस्तुर आणि डोक्यावर काळा तुरा मिरविणारा शिपाई बुलबुल यांचे आवाज मुले एका दिवसात ओळखू लागतात. कारवीचे झुडूप अनेक वर्षांच्या अंतराने एकदाच फुलते, हे ऐकून त्यांना नवल वाटल्यावाचून राहत नाही.

घ्यावयाची काळजी

भ्रमणास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात वनश्री बहरते खरी, परंतु शेवाळलेले दगड निसरडे होतात आणि धुक्यात कड्याची कड दिसत नाही. त्या दिवसांत मुलांसह टोकांवर जाणे टाळावे. इतर दिवसांतही कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये आणि छायाचित्रासाठी मुलास कड्याच्या कडेला उभे करू नये. वाटेत प्रौढ व्यक्तींपैकी एकाने पुढे व एकाने मागे राहावे, मुलांनी मध्ये चालावे. प्रत्येक फाट्यावर सर्वजण जमेपर्यंत थांबावे. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी असावी. वाट चुकल्यास जागीच थांबून ती वाजवावी, असे त्यास आधीच शिकवून ठेवावे.

दाट झाडीमुळे रानात अंधार लवकर पडतो. तेव्हा सूर्यास्त पाहावयास गेल्यास विजेरी जवळ असावी. पायांत खरबरीत तळाचे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पिशवीत पुरेसे पाणी, गूळ-शेंगदाणे व प्रथमोपचाराचे साहित्य, एवढी सामग्री पुरते. घोडा येताना दिसल्यास कड्याची बाजू सोडून वाटेच्या आतील अंगास उभे राहावे आणि त्याच्या पाठीमागे जाऊ नये. माकडांना खाऊ देऊ नये, तसेच खाद्यपदार्थ हातात घेऊन चालू नये. माणसांनी दिलेल्या खाऊला सोकावलेली माकडेच पुढे मुलांच्या हातून पिशव्या हिसकावतात. प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टने यांचा कण नि कण परत न्यावा.

चालणारी पिढी

सुटीत मुलांना कोठे न्यावे, असा प्रश्न शहरी कुटुंबांना नेहमी पडतो. मोटारीच्या काचेतून पाहिलेला डोंगर मुलांच्या लक्षात क्वचितच राहतो. स्वतःच्या पायांनी चालून पाहिलेला, आजोबांचे बोट धरून ओळखलेला हिरडा-जांभूळ मात्र जन्मभर सोबत करतो. ज्या झाडाचे नाव ठाऊक आहे, ते तुटताना माणूस स्वस्थ बसत नाही. शासनाचे नियम व न्यायालयांचे निर्णय वनाभोवती कुंपण घालू शकतात, परंतु त्या कुंपणाची राखण अखेर जाणत्या नागरिकांनाच करावी लागते. असे नागरिक घडविण्याचे कार्य माथेरानच्या लाल पाऊलवाटांवर सहजपणे होऊ शकते. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून निदान दोन दिवस या वाटांसाठी राखून ठेवावेत.